दोघांनी पाहिलेली मॅच

"शेवटी खेळच होता तो," असं मला अजून ऐकवलं जातं. ऐकवणारे माझे मित्र आहेत, आणि त्यांच्यातल्या एकानेही तो नुसता खेळ म्हणून घेतला नव्हता. आपल्या डाव्या विंगरचा घोटा सुजला म्हणून ज्याने समोरचा डोसा थंड होऊ दिला, त्याने मला खेळ आणि आयुष्य यांतला फरक समजावू नये. झालं ते सगळं मी लिहून ठेवते आहे. त्यांना पटलं नाही तर त्यांनी आपलं वेगळं लिहावं.

आम्ही चौघं. तिघं तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत वाढलेली, मराठी घरांतली. चौथा पापनाशमचा, तमिळ, रोज बसने कॉलेजला येणारा. आमच्या भिंतीला भिंत लागून ज्याचं घर, त्याला सगळे वकील म्हणायचे. शिकत होता कॉमर्स, पण कुठल्याही गोष्टीचा नियम काढायचा आणि त्यावर अडून बसायचा. आम्ही दोघं बोलायला लागल्यापासून भांडतो आहोत. तिसरी माझ्या वर्गातली मैत्रीण. तिला आम्ही हेडमास्तरीण म्हणायचो, कारण गुणांची बेरीज तिच्याकडे असायची आणि ती कुणाला अर्धा गुणही फुकट द्यायची नाही. आमच्या आपसातल्या बोलण्यात निम्मं तमिळ असतं, आणि मराठी असतं तेही इथलं, जुन्या वळणाचं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून ते मी बरंचसं सरळ केलं आहे.

आमच्या गल्लीत देवनागरी वाचता येणारे थोडे. मला येते ती पत्रकांमुळे. अप्पा, म्हणजे माझे वडील, बँकेत नोकरीला होते आणि त्याहून जास्त बँकेच्या कर्मचारी संघटनेत होते. महाराष्ट्रातून मराठी पत्रकं यायची, ती अप्पा तमिळमध्ये करायचे, आणि मी शेजारी बसून छापून आलेले कागद तीन घड्या घालून रचून ठेवायची. अक्षरं मी त्या घड्यांवरून शिकले. 'मागणी' हा शब्द मला 'मांजर'च्या आधी लिहिता आला. अप्पांचं एक सांगणं होतं: पत्रकात विशेषण घातलंस की वाचणाऱ्याला पळून जायला वाट मिळते. काय झालं आणि काय हवं, एवढंच लिही.

तर काय झालं ते असं.

त्या वर्षी आख्खं कॉलेज फोनवर फँटसी लीग खेळत होतं. परदेशातले फुटबॉल खेळाडू निवडायचे, त्यांनी तिकडे गोल केला की इकडे आपल्याला गुण. मला ते पटेना. ज्या माणसाला आपण जन्मात पाहणार नाही, त्याला सोमवारी आपला म्हणायचं आणि शुक्रवारी काढून टाकायचं, हा कसला खेळ? मी हे एकदा कॉफीच्या दुकानात जरा मोठ्याने बोलले.

"मग काय, आपल्या कॉलेजच्या पोरांवर लीग खेळायची काय?" वकील म्हणाला.

"हो. का नको?"

त्याने थट्टा म्हणून विचारलं होतं. मी उत्तर दिल्यावर त्याने डबऱ्यातली, म्हणजे खोल वाटीतली, कॉफी टंबळरमध्ये ओतली, परत डबऱ्यात ओतली आणि म्हणाला, "नियम करावे लागतील."

पोंगल संपला, शेतांत सांबा हंगामाच्या भाताची कापणी झाली, की आमच्या भागातल्या कॉलेजांच्या फुटबॉल मॅचेस सुरू होतात. तंजावूर, कुंभकोणम, पापनाशम, मधली गावं. मैदानं शाळांची, प्रेक्षक मोजके. आम्ही ठरवलं, प्रत्येकाने आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा, अकरा जणांचा संघ करायचा. गोलला गुण, गोलसाठी दिलेल्या पासला गुण, गोलकीपरने अडवलेल्या पेनल्टीला सगळ्यात जास्त. अडचण ही की गोल कुणी केला ते कुठेतरी छापून येतं, पास कुणी दिला ते कुणीच टिपत नाही. त्यावर वकिलाने नियम केला: ज्या मॅचला आपल्या चौघांपैकी दोघं हजर असतील तीच मॅच मोजायची. एकटा माणूस त्याला हवं ते बघतो.

नियम मला आवडला. मीच सगळ्यात आधी मान डोलावली होती, हे मी लपवत नाही.

संघ निवडायला आम्ही त्याच दुकानात बसलो. पहिली पाळी माझी आली. मी पापनाशमजवळच्या एका कॉलेजच्या गोलकीपरचं नाव घेतलं.

पापनाशमवाला चमकला. "ती? ती तर मुलींच्या टीममध्ये आहे."

"मग?"

"मुली पण चालतात काय ह्यात?" हेडमास्तरणीने विचारलं. ती स्वतः मुलगी आहे, हे मी तिला आठवण करून दिलं. ती म्हणाली, "मला जिंकायचं आहे, डी. तुला क्रांती करायची असेल तर दुसऱ्या टेबलावर कर." 'डी' म्हणजे आमच्याकडचं 'गे'.

"कॉलेजच्या खेळाडूंची लीग आहे ना?" मी म्हणाले. "त्या कॉलेजच्या आहेत. खेळाडू आहेत. त्यांना बाहेर ठेवायचं तर नियमात तसं लिहा आणि खाली सह्या करा. मी गेटवर चिकटवते."

असं काही लिहायला वकील कचरणार हे मला ठाऊक होतं. मग माझी पाळी आली की मी एका मुलीचं नाव घ्यायची. चौथ्या-पाचव्या नावानंतर ते हसायला लागले. मी अकराच्या अकरा मुली घेतल्या. मुलींच्या मॅचेस मुलांच्या निम्म्याही नसतात हे मला माहीत होतं. दोन-चार मुलगे घेऊन मला सुरक्षित राहता आलं असतं. राहायचं नव्हतं.

"सरी," वकील म्हणाला. आमच्याकडे 'ठीक' म्हणायला हाच शब्द. "तू म्हणतेस तसं. पण एक अट. हंगामाच्या शेवटी तू तळाला राहिलीस, तर पुढच्या वर्षीपासून मुली नाहीत. कायमच्या. नाही राहिलीस, तर कायमच्या आत. परत हा वाद नको."

"कबूल."

"आणि तळाचा माणूस पुढच्या वर्षी शेवटी निवडणार."

"ते पण कबूल. अजून काही?"

"साखर कमी आहे," पापनाशमवाला म्हणाला. तो कॉफीबद्दल बोलत होता.

खरी मेख कुठे आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मुलांच्या प्रत्येक मॅचमध्ये त्या तिघांचा कुणी ना कुणी खेळाडू असायचा. त्यामुळे आपापल्या खेळाडूसाठी दोघं तरी मैदानावर यायचेच, आणि मॅच मोजली जायची. मुलींच्या मॅचमध्ये लीगमधल्या सगळ्या खेळाडू माझ्याच. तिथे यायचं म्हणजे माझे गुण वाढवायला यायचं. ते कशाला येतील?

"तू चल ना," मी हेडमास्तरणीला म्हणाले.

"मी आले तर तुझे गुण वाढतात. माझा काय फायदा?"

वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, "काय गे, मी काही बंदी घातलेली नाही. मी फक्त येणार नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेले नाही. जगातल्या निम्म्या बंद्या अशाच असतात. कुणी काही घातलेलं नसतं, फक्त कुणी येत नाही.

मी एकटी गेले. कुंभकोणमच्या बाजूला एका गावात माझ्या स्ट्रायकरने नारळीच्या झावळ्यांखालून येणाऱ्या उन्हात असा गोल केला की पलीकडच्या कालव्यावर कपडे धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्या बायकांनी पाहिला, मी पाहिला. लीगमध्ये शून्य. पुढच्या सोमवारी दुकानात मी तो गोल सगळ्यांना सांगितला, हात हलवून, टेबलावर साखरदाणी ठेवून. पापनाशमवाला कान देऊन ऐकत होता. हेडमास्तरीण म्हणाली, "छान. दुसरं कोण होतं?"

घरी मी अप्पांना म्हणाले, मी पण ह्यांच्या मॅचेसना जाणार नाही, बघू यांचं कसं होतं.

"तू गेली नाहीस तर ते अडतात काय?" अप्पांनी विचारलं.

"नाही. ते तिघं आहेत."

"मग तो बहिष्कार नव्हे, रुसवा. अडवता येईल तिथे अडव. तोवर जात राहा."

मग मी सगळ्यांच्या मॅचेसना जात राहिले. वकिलाच्या डाव्या विंगरचे गुण मी त्याच्यापेक्षा काटेकोर टिपायची. हा विंगर म्हणजे आमच्याच कॉलेजचा एक सडपातळ मुलगा, पळताना मान वाकडी करणारा. वकिलाचा त्याच्यावर फार जीव. पापनाशमवाला अधूनमधून माझ्याबरोबर मुलींच्या मॅचला यायचा. घराजवळ असली तर. त्याच्या आईने दिलेला चिंचेचा भात आम्ही मैदानाच्या कडेला बसून खायचो आणि ती मॅच मोजली जायची. असे करत करत माझे गुण वर सरकत गेले. वकिलाचे खाली आले, कारण त्याने विंगर सोडून बाकीचे सगळे नावं ऐकून घेतले होते, खेळ पाहून घेतले नव्हते. हंगाम संपत आला तेव्हा हेडमास्तरीण पहिली, पापनाशमवाला दुसरा, आणि तळाला आम्ही दोघं, मी आणि वकील, तो माझ्या पुढे, पण एका अडवलेल्या पेनल्टीने मी वर जाईन एवढाच.

शेवटचा दिवस पापनाशमला होता. एकाच मैदानावर दोन मॅचेस, संध्याकाळी मुलींची आणि दुसऱ्या दिवशी मुलांची, असं आधी ठरलं होतं. मग आयोजकांनी दोन्ही एकाच दिवशी घेतल्या. संध्याकाळची वेळ मुलांना गेली. मुलींना भर दुपार मिळाली, आणि वर मॅचची वेळही कापली. कुणी कुणाला विचारलं नाही. मी माझ्या गोलकीपरच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना फोन केला. ते म्हणाले, "मुली काही बोलल्या नाहीत, तुम्ही कोण?" मी म्हणाले, प्रेक्षक. त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी पापनाशमवाल्याच्या बहिणीचा साखरपुडा कुंभकोणमला होता. हेडमास्तरणीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. उरलो आम्ही दोघं. संध्याकाळच्या मॅचमध्ये वकिलाचा विंगर खेळणार होता, आणि त्याच्या जोरावर पापनाशमवाल्याला गाठायची वकिलाला अजून आशा होती. दुपारच्या मॅचमध्ये माझी गोलकीपर. अप्पा म्हणाले होते, अडवता येईल तिथे अडव.

आदल्या दिवशी मी वकिलाच्या दारात गेले. तो शर्टाला इस्त्री करत होता.

"उद्या मी सकाळच्या बसने जाते," मी म्हणाले. "तू पण त्याच बसने ये."

"माझी मॅच संध्याकाळी आहे."

"माझी दुपारी आहे. तू दुपारची पाहिलीस तर मी संध्याकाळची पाहते. नाहीतर मी दुपारची पाहून घरी येते. तुझा विंगर एकट्या तुझ्यासाठी खेळेल."

त्याने इस्त्री उभी ठेवली. "हे ब्लॅकमेल आहे, डी."

"मी काही बंदी घातलेली नाही. मी फक्त थांबणार नाही."

आतून त्याची आई म्हणाली, "जा रे तिच्याबरोबर, उन्हात पोर एकटी कुठे फिरेल." मी म्हणाले, मामी, मी हंगामभर एकटीच फिरते आहे. मामींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दोघांसाठी लिंबाच्या भाताचा डबा बांधायला घेतला.

बसमध्ये त्याने खिडकी घेतली आणि पापनाशम येईपर्यंत बाहेर बघत राहिला. दोन्ही बाजूंनी कापलेली शेतं, मध्ये मध्ये पाणी धरलेले तुकडे. उतरताना म्हणाला, "मी बघणार. पण टाळ्या वाजवणार नाही."

मैदान एका शाळेच्या मागे होतं. एका कोपऱ्यात, कॉर्नरच्या झेंड्यापासून थोड्याच अंतरावर, भात वाळत घातलं होतं, कारण गावात तेवढी एकच सपाट जागा उन्हात होती. भाताची राखण करत एक पाट्टी, म्हणजे म्हातारी आजी, छत्री घेऊन बसली होती. गोलांना जाळी नव्हती. माझी गोलकीपर मोपेडवरून आली. हातमोजे हँडलला लटकवलेले, एकाची बोटं कापलेली. तिने हेल्मेट काढलं, पाट्टीच्या छत्रीखाली ठेवलं आणि मैदानात गेली.

मॅच सुरू झाल्यावर थोड्याच वेळात चेंडू थेट भातात गेला, आणि त्याच्यामागे धावणाऱ्या दोन मुलीही भातात गेल्या. पाट्टीने सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार केला. तेव्हा गोलकीपर गोल सोडून तिथवर आली. चेंडू बाजूला ठेवला. आणि दोन्ही पाय भातातून ओढत, घरी आई-आज्या करतात तशा सरळ ओळी पाडत, विस्कटलेलं भात तिने पुन्हा सारखं पसरवलं. पंच घड्याळ बघत होते. तिने घाई केली नाही. काम झाल्यावर बुटांत शिरलेले दाणे काढून पाट्टीच्या हातात दिले आणि मग गोल-किक घ्यायला गेली.

"वेळ काढते आहे," वकील म्हणाला.

"भात पसरते आहे."

"दोन्ही करते आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच पाय मोकळे करून नीट बसला.

मॅच शेवटाकडे आली तरी गोल झाला नव्हता. मग आमच्या, म्हणजे तिच्या, टीममधल्या एकीच्या हाताला चेंडू लागला आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. समोरच्या टीमची उंच फॉरवर्ड चेंडू ठेवायला आली. तीही माझीच खेळाडू होती. तिने मारला तर तिचा गोल, हिने अडवला तर हिचा बचाव, गुण मला दोन्हीकडून मिळणार होते, पण बचावाचे कितीतरी जास्त. मी ते सगळं वकिलाला सांगायला तोंड उघडलं.

"गप बस," तो म्हणाला.

फॉरवर्डने जोरात, सरळ मारला. गोलकीपर कुठेच गेली नाही. होती तिथे उभी राहिली, चेंडू तिच्या छातीवर आदळला आणि तिने तो दोन्ही हातांनी कवटाळला, पावसात शेळीचं पिल्लू उचलून धरावं तसा.

वकील उभा होता. उभा राहून ओरडत होता. डब्यातला लिंबाचा भात मातीत सांडला होता, आणि आता पाट्टी आम्हालाही ओरडत होती. खाली बसल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "टाळ्या नाही वाजवल्या."

मॅच बरोबरीत सुटली. त्या बचावाने मी वकिलाच्या जेमतेम पुढे गेले होते. मुली कायमच्या आत यायला आता एवढंच हवं होतं की संध्याकाळी त्याच्या विंगरने काही करू नये.

संध्याकाळी माणसं जमली. माइक आला, कुणीतरी नारळ फोडला, भात गोळा करून पाट्टी घरी गेली. विंगर मान वाकडी करून पळत होता आणि त्याच्या हातून काहीच घडत नव्हतं. मध्यंतरानंतर वकील म्हणाला, पाणी पिऊन येतो. नळ शाळेच्या भिंतीशी होता. बराच वेळ झाला तरी तो आला नाही. वळून पाहिलं तर गोलकीपर मोपेडपाशी उभी, हा तिच्याशी बोलतोय, हाताने चेंडूची दिशा दाखवतोय.

आणि तेवढ्यात इकडे विंगरने कडेने चेंडू काढला, दोघांना चुकवलं आणि मागे वळता वळता असा पास दिला की दुसऱ्या मुलाला नुसता पाय लावायचा राहिला. गोल. लोक ओरडले तेव्हा वकील धावत आला.

"कुणी मारला?"

मी सांगितलं.

"आणि पास?"

मी एक क्षणही थांबले नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. थांबले. मग म्हणाले, "तुझ्या विंगरने."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पासचे गुण धरले तर तो माझ्या पुढे जात होता हे आम्हा दोघांनाही तोंडपाठ होतं. "मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "एकाने पाहिलेलं मोजत नाहीत."

"मॅच दोघांनी पाहिलेली हवी, असा नियम आहे. तू मैदानात आहेस. पास झाला."

"अगे, तू तळाला जाशील."

"म्हणून पास झाला नाही?" मला राग आला होता, आणि त्याच्यावरच नाही. "हंगामभर मी काय ओरडते आहे? तुम्ही बघितलं नाहीत म्हणून झालेलं पुसलं जात नाही. आता माझ्या सोयीचं आहे म्हणून मीच पुसू?"

"मग त्या हिशेबाने तू एकटीने पाहिलेल्या मॅचेस पण धरायला हव्यात."

"हो. धरा ना."

परतीच्या बसमध्ये त्याने हेडमास्तरणीला फोन लावला आणि माझ्या बाजूने वाद घातला. खरंच घातला, आवाज चढवून, कंडक्टर वळून बघेपर्यंत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पास मोजायचा, मॅचला दोघं होते. एकटीच्या मॅचेस नाही मोजायच्या, नियम आधीपासून आहे आणि तूच केलेला आहेस. ती तळाला. ठेवू?"

सोमवारी दुकानात तिघंही फार गोड वागले. मला न विचारता कॉफी आली. पापनाशमवाला म्हणाला, "आम्ही ठरवलं आहे. मुली राहू देत. तू एवढं उन्हातान्हात फिरलीस."

"अट काय होती?"

"अट असू दे, अक्का." तो माझ्याहून थोडा लहान, लाडात आला की मला अक्का म्हणतो.

"माझ्या पायपिटीची दया म्हणून त्यांना आत घेऊ नका. त्या तुमच्या मनाच्या मोठेपणावर खेळत नाहीत. हरले ना मी? मग मुली बाहेर. मी पुढच्या वर्षी पुन्हा मागणी करीन. पुन्हा हरेन. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा."

"हिला दिलेलं पण नको," हेडमास्तरीण म्हणाली.

"दिलेलं नको," मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं, तमिळमध्ये, एका पानाचं, आणि दुकानदाराची परवानगी घेऊन भिंतीवर चिकटवलं. त्यात एका मुलीने भर दुपारी पेनल्टी कशी अडवली ते होतं, मॅच दुपारी का होती ते होतं, आणि ती पाहायला किती कमी लोक होते ते होतं. विशेषण एकही नव्हतं. खाली मागणी: पुढची मॅच पाहायला या. कुणीतरी त्यावर पेन्सिलीने एक शब्द सुधारला होता. अक्षर वकिलाचं होतं. शब्द त्याचाच बरोबर होता, म्हणून मी तो तसाच राहू दिला.

पुढच्या पोंगलनंतर आम्ही पुन्हा त्याच टेबलावर बसलो. कॉलेज संपलं होतं. वकील एका ऑडिटरकडे कामाला लागला होता, पापनाशमवाला नोकरी शोधत होता, पण लीग सोडायला कुणी तयार नव्हतं. मी मागणी मांडायला वाक्य तयार करून आले होते. सगळ्यात शेवटी बोलायची माझी पाळी, म्हणून धीर धरून बसले. हेडमास्तरणीने एका स्ट्रायकरचं नाव घेतलं. पापनाशमवाल्याने आपल्या गावचा एक मुलगा घेतला. मग वकिलाने डबऱ्यातून नजर न उचलता त्या गोलकीपरचं नाव घेतलं.

"मुली बाहेर आहेत," हेडमास्तरीण म्हणाली. "तुझाच नियम."

"मग मीच बदलतो."

"का? आता तुला पण हक्क आठवले?"

"हक्क बिक्क काही नाही. पेनल्टी अडवायला सगळ्यात जास्त गुण आहेत आणि आख्ख्या भागात तिच्यासारखं कुणी नाही. मला जिंकायचं आहे."

"असं असेल तर मला माझं नाव परत घ्यायचं आहे," पापनाशमवाला म्हणाला. "मला कालव्याजवळच्या मॅचमधली ती स्ट्रायकर हवी. साखरदाणीवाली."

"एकदा घेतलं ते घेतलं," हेडमास्तरीण म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की पुढच्या फेरीत तिलाही मुली उचलता येतील. ती मनात काही जुळवू लागली.

माझं तयार वाक्य वायाच गेलं. दया मला नको होती. ही दया नव्हती, ही शुद्ध हाव होती, आणि तिच्यावर माझा काही आक्षेप असू शकत नव्हता. पण ती गोलकीपर माझी होती. तिच्यासाठी मी एका हंगामाचं ऊन खाल्लं होतं.

"ती माझी आहे," मी म्हणाले.

"नाव आधी मी घेतलं."

"तिला पेनल्टीचं काय विचारत होतास रे तेव्हा मोपेडपाशी?"

"उडी का मारली नाहीस म्हणून."

"मग?"

"म्हणाली, जमीन तापली होती, गुडघा आधीच सोललेला, पडायचं नव्हतं." तो हसला. "तिला घेण्यासारखं दुसरं काय कारण पाहिजे?"

माझी पाळी आली. मी त्या उंच फॉरवर्डचं नाव घेतलं, जिने ती पेनल्टी सरळ मारली होती. दोघींच्या कॉलेजांची मॅच पुढच्याच आठवड्यात पापनाशमला होती. हेडमास्तरणीला त्या दिवशी काम होतं. पापनाशमवाल्याचा चेन्नईला इंटरव्ह्यू होता.

वकिलाने हे सगळं हळूहळू जुळवलं. "तू येते आहेस ना गे?" त्याने विचारलं. "दोघं पाहिजेत."

"मी काही बंदी घातलेली नाही," मी म्हणाले, आणि कॉफी संपवली.

गेले अर्थात. माझी फॉरवर्ड होती तिथे. पण त्या सकाळी मी घरातून मुद्दाम उशिरा निघाले, आणि पापनाशमची बस सुरू होऊन हलायला लागेपर्यंत त्याला बसच्या दारात लोंबकळत माझी वाट बघू दिली.